क्रॉस स्टिच रिंगमधेच लावून भिंतीवर टांगायचं असेल तर : पुन्हा उघडता येईल असं फिनिशिंग

आईनी लग्नाआधी दोसुतीच्या सुती कापडावर केलेली हंसांची जोडी आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात कित्येक वर्षं दिवाणखान्यात होती, मग एकदा ती नीट करून घ्यावी म्हणून एका फ्रेमवाल्याकडे दिली तर त्यानी मागे साधा खाकी पुठ्ठा लावून कापड चारी बाजूनी त्याला चिकटवूनच टाकलं. दहाएक वर्षांनी पाहिलं तर पुठ्ठ्याचा रंग कापडात उतरलेला, कडा तपकिरी, आणि धुवावं म्हटलं तर निघतच नाही. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे, कितीही सुंदर फिनिशिंग करा पण ते परत उघडता आलं पाहिजे. आपल्या नागपुरात तर जास्तच, कारण इथे उन्हाळ्यात धूळ, मग कूलरची ओल, मग पावसाळा, त्यामुळे भिंतीवरचं कापड चार-पाच वर्षांत एकदा तरी धुवावंच लागतं. रिंगमधे (म्हणजे भरतकामाची ती गोल चौकट, एकात एक बसणाऱ्या दोन रिंगा आणि वर कसायचा स्क्रू) लावायची पद्धत मला त्यासाठीच आवडते, काच नाही, फ्रेमचा खर्च नाही, आणि नीट शिवलं तर अर्ध्या तासात सगळं मोकळं करता येतं.

खाली सगळं सांगते, पण सुरुवात टाके घालायच्या आधीपासून करावी लागेल, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात.

रिंग केवढी घ्यायची

बऱ्याच जणी डिझाइनची उंची बघतात आणि तेवढीच रिंग आणतात, आणि मग कोपरे रिंगखाली जातात. गोलात चौकोन बसवायचा असेल तर उंची नाही, कर्ण बघायचा. उदाहरण देते, मी आपल्या नागपूरच्या झिरो माईलचा खांब आणि त्याचे घोडे असा एक ग्राफ स्वतः चौकटीच्या वहीवर काढला होता, 84 टाके उंच आणि 56 टाके रुंद. 14 काउंटच्या आयडावर (क्रॉस स्टिचचं चौकड्यांचं कापड) इंचाला 14 टाके बसतात म्हणजे हे झालं 6 इंच बाय 4 इंच. 6 चा वर्ग 36, 4 चा वर्ग 16, बेरीज 52, त्याचं वर्गमूळ साधारण 7.2. म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सव्वासात इंच, तर 7 ची रिंग नाही चालणार, 8 ची घ्या. खांबासारखं डिझाइन असेल आणि कोपरे रिकामेच असतील तर थोडी लहान रिंग चालून जाते, पण बॉर्डर असेल तर अजिबात नाही.

दोसुतीवर करत असाल तर दुकानदार काउंट सांगू शकत नाही, तुम्हीच मोजा. कापडावर टेप ठेवून एका इंचात किती चौकड्या येतात ते पहा, तीन-चार ठिकाणी पहा, आणि आडवं उभं दोन्ही पहा कारण दोसुतीत दोन्हीकडे सारखं येईलच असं नाही. माझ्या तुकड्यावर इंचाला 12 आले होते, मग तोच खांब 7 इंच उंच झाला, रुंदी 4.7, कर्ण जवळपास साडेआठ, म्हणजे रिंग थेट 9 किंवा 10 ची. काउंट दोननी बदलला तर रिंग एवढी बदलते.

आणि कापड कापताना हात आखडू नका. रिंगच्या बाहेर सगळीकडून किमान दीड इंच कापड पाहिजे, म्हणजे 8 च्या रिंगला 11 इंचाचा गोल लागेल, तर सुरुवातीला 12 चा चौकोन कापा. कडा निघू नयेत म्हणून टेलरकडून इंटरलॉक मारून घ्या किंवा घरीच चारी बाजूनी मोठे मोठे टाके घाला. कापड कमी पडलं की मगच माणूस ग्लूकडे वळतो, हे मी खूप वेळा पाहिलंय.

रिंग घेताना

लाकडी किंवा बांबूची, दोन्ही चालतात. दुकानात स्क्रू पूर्ण ढिला करून आतली रिंग बाहेर काढून पहा, टेबलावर सपाट ठेवली की कुठे उचललेली नको. मग दोन्ही एकात एक घालून उजेडाकडे धरा, फटीतून उजेड दिसला तर त्या जागी कापड ढिलं राहणार, ती ठेवून द्या. माप रिंगवर छापलेलं असलं तरी टेप लावून आतल्या रिंगचं घ्या. नागपुरात बर्डीवर आणि इतवारीत टेलरिंग मटेरियलच्या दुकानात रिंगा मिळतात, फक्त सगळ्यात स्वस्त गठ्ठ्यातली उचलू नका, त्यात वाकड्याच जास्त असतात.

स्क्रूला एक छोटं चुंबक लावून पहा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून पितळी दिसत असलं तरी, आणि ते कूलरच्या दिवसांत गंजतं आणि कापडावर तांबडा डाग पाडतं जो साबणानी जात नाही. अशी रिंग फेकायची गरज नाही, स्क्रूला रंग नसलेलं नेलपॉलिश दोन हात लावा आणि वाळू द्या, बस.

आता रिंग तयार करायची. बारीक पॉलिश पेपरनी दोन्ही रिंगा घासा, आतली जास्त, कारण तिची एखादी बारीक काडीसुद्धा कापडाचा धागा ओढते. ओल्या फडक्यानी पुसून वाळवा. रंग द्यायचा असेल तर फक्त बाहेरच्या रिंगला आणि तोही बाहेरच्या बाजूनी आणि पुढच्या कडेला, आतून जिथे कापड घासणार तिथे रंग नको. अ‍ॅक्रिलिक कलरचे दोन पातळ हात, मधे पूर्ण वाळू द्यायचं, वरून वॉर्निश, आणि मग एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. वरून वाळल्यासारखं वाटतं पण स्क्रू कसला की दाबानी चिकटतं. मला स्वतःला रंगापेक्षा कडक काळ्या कॉफीचा हात आवडतो, लाकडाची रेष दिसत राहते, त्यावर वॉर्निश मात्र पाहिजे नाहीतर ओलीनी कॉफी कापडात उतरेल.

आणि आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळा. ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची आहे. लाकडात आम्ल असतं, वर्षानुवर्षं कापड त्याला टेकून राहिलं की तिथे तपकिरी होतं. अर्धा इंच रुंदीची पांढरी सुती टेप घ्या नाहीतर जुन्या धुतलेल्या पांढऱ्या धोतराची किंवा मलमलची पट्टी फाडा, तिरकी तिरकी गुंडाळत जा, थोडी एकावर एक चढवत, आणि शेवटी दोन टाके घालून टोक पक्कं करा. याचा दुसरा फायदा म्हणजे कापड घट्ट धरलं जातं, घसरत नाही. पट्टी फार जाड घेतली तर बाहेरची रिंग चढणार नाही, एवढंच लक्षात ठेवा.

धुणं आणि इस्त्री

काम स्वच्छ दिसत असलं तरी धुवा. हाताचं तेल आज दिसत नाही, दोन वर्षांनी पिवळं होऊन दिसतं. पण धुवायच्या आधी एक काम, खुणा कशानी केल्यात ते आठवा. पाण्यानी जाणाऱ्या निळ्या पेननी केल्या असतील तर आधी नुसत्या थंड पाण्यात, साबण न लावता, खुणा पूर्ण जाईपर्यंत बुडवा, त्यावर इस्त्री फिरली तर त्या पक्क्या बसू शकतात. आणि जो पेन इस्त्रीच्या गरमीनी पुसला जातो त्याच्या खुणा थंडीत परत दिसायला लागतात, म्हणून मी तो कधीच वापरत नाही.

मग थंड पाण्यात स्वेटर धुवायचं लिक्विड थोडंसं घालून दहा मिनिटं ठेवा, हलकं दाबा, चोळू नका. तुमच्याकडे बोअरचं खारं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यात करा, नाहीतर क्षार बसतात आणि कापड कडक लागतं. लाल, मरून, काळा हे रंग सोडतात, त्यात सुटे विकतात ते बिनानावाचे चमकीले दोरे जास्त. रंग सुटला तर घाबरून पिळून वाळत टाकू नका, तीच चूक. जोपर्यंत ओलं आहे तोपर्यंत रंग निघू शकतो, वाळला की बसला. नळाखाली थंड पाणी चालू ठेवा, बादलीतलं पाणी बदलत रहा, एक तास लागला तर लागला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ आणि व्हिनेगरनी रंग पक्का होतो असं जो तो सांगतो, सुती दोऱ्याच्या बाबतीत माझा त्यावर अजिबात भरवसा नाही, थंड पाण्याचा आहे.

हळदीचा डाग पडला असेल (आपल्या घरात पडतोच) तर साबण लागला की तो लाल होतो, ते पाहून घाबरू नका, धुवून घ्या, आणि तेवढाच भाग थोडा वेळ उन्हात ठेवा, हळद उन्हानी उडते. पण बाकीच्या रंगीत टाक्यांवर पांढरं कापड झाकून, कारण ऊन दोऱ्याचाही रंग नेतं.

पिळायचं नाही. टर्किश टॉवेलवर पसरा, गुंडाळी करा, दाबा, पाणी टॉवेल पिऊन घेतो. मग सावलीत सपाट. मे महिन्यात आपल्याकडे बघता बघता वाळतं म्हणून जवळच थांबा, कारण इस्त्री किंचित ओलं असतानाच करायची, टॉवेलवर काम पालथं ठेवून, उलट्या बाजूनी. टॉवेलच्या मऊपणात टाके रुततात आणि चपटे होत नाहीत. इस्त्री ओढायची नाही, उचलून ठेवायची, ओढली की चौकड्या तिरक्या होतात आणि मग रिंगमधे कितीही सरळ करा, खांब झुकलेलाच दिसतो. जरीचा दोरा किंवा मणी असतील तर गरमी कमी आणि वरून सुती कापड.

मागचं अस्तर

आयडाला भोकं असतात, दोसुतीला तर मोठी. मागून भिंतीचा रंग दिसतो, आणि मागे एका जागेहून दुसरीकडे नेलेला काळा दोरा तर स्पष्ट दिसतो. म्हणून मागे पांढऱ्या पॉपलिनचा तेवढाच तुकडा, मॅचिंग सेंटरमधे अस्तराचं कापड मिळतं तेच, आधी धुवून घेतलेलं. दोन्ही एकत्र रिंगमधे लावायचे. चिकटवायचं फ्युजिंग पण मिळतं, सपाट छान दिसतं, पण एकदा चिकटलं की ते कायमचं, म्हणून माझं मत साध्या अस्तराला. थोडा फुगीरपणा हवा असेल तर मधे एक पातळ वॅडिंग (कापसासारखा मऊ थर) रिंगच्या आतल्या मापाचं कापून ठेवा, रिंगच्या कडेखाली ते जाऊ देऊ नका.

रिंगमधे बसवणं

काम चारात दुमडून मधल्या दोन रेषांच्या टोकाला कडेवर छोट्या टाचण्या लावा, वर खाली डावी उजवी. आतल्या रिंगवर पण पेन्सिलनी चार खुणा करा. आतली रिंग टेबलावर, त्यावर अस्तर, त्यावर काम सुलट, खुणा जुळवा, वरून बाहेरची रिंग. स्क्रू बरोबर वरच्या टाचणीसमोर आला पाहिजे, तिथे सूतभर फरक पडला तरी टांगल्यावर दिसतो.

आता स्क्रू अर्धाच कसा आणि कापड ओढा, पण धाग्याच्या दिशेनीच, वर, मग खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे. कोपऱ्याकडून तिरकं ओढलं की चौकड्या शंकरपाळ्यासारख्या होतात. माझी खात्री करायची पद्धत अशी की मधली एक भोकांची ओळ डोळ्यानी पकडायची आणि ती वरपासून खालपर्यंत सरळ जाते का बघायचं, आडवी पण बघायची. सरळ नसेल तर पूर्ण काढून परत. मला खांबाच्या वेळी चार वेळा काढावं लागलं. जमलं की पेचकसानी पूर्ण कसा, हाताच्या बोटांनी पुरेसं घट्ट होत नाही. आतली रिंग पुढून बाहेरच्या रिंगच्या बरोबरीत आली पाहिजे. टिचकी मारली की डफासारखा आवाज यायला पाहिजे.

मागची शिवण, ग्लू नाही

पालथं करा. रिंगच्या बाहेर दीड इंच सोडून गोल कापा, अस्तर मात्र अर्धा इंच सोडून, म्हणजे मागे जाडी कमी होते. आता मजबूत दोरा पाहिजे. मी गोधडीचा दोरा वापरते, नाहीतर संक्रांतीनंतर घरात उरलेला पतंगाचा पांढरा साधा दोरा, काच लावलेला मांजा चुकूनही नाही, हात कापेल आणि कापडही. साधा शिलाईचा दोरा ओढताना तुटतो. 8 च्या रिंगला सव्वा मीटर दोरा घ्या, कडेपासून अर्ध्या इंचावर धावदोरा घालायचा तर गोल साधारण 31 इंचाचा होतो आणि बाकीचा ओढायला आणि गाठीला. क्रॉस स्टिचची बोथट सुई इथे नको, साधी टोकदार घ्या.

सुरुवातीला वीतभर शेपटी मोकळी ठेवून धावदोरा सुरू करा, टाके एक सेंटीमीटरचे, फार बारीक घातले तर चुण्या नीट पडत नाहीत. गोल पूर्ण झाला की दोन्ही टोकं धरून हळूहळू ओढा, बोटांनी चुण्या सगळीकडे सारख्या सरकवत, कापड मागे आत वळत जाईल. एकदा पुढून बघा, ओळी सरळ आहेत ना. मग गाठ, पण फुलाची गाठ मारून वर एकच साधी गाठ, म्हणजे उद्या कात्रीच्या एका टोकानी सुटेल. मोठ्या रिंगला, 10 आणि पुढे, चुण्यांवरून समोरासमोर सात-आठ दोरे आडवे ओढून घ्या, खाटेची दावण ताणतो ना तसे.

ग्लू गननी दोन मिनिटांत होतं, मान्य आहे, मी पण सुरुवातीला तेच केलं. एका मैत्रिणीच्या बाळाच्या बारशासाठी केलेली रिंग मे महिन्यात दुपारी गाडीत राहिली आणि संध्याकाळी पाहिलं तर मागचं ग्लू मऊ होऊन कापड सुटलेलं. बंद गाडी उन्हात 60 डिग्रीच्या वर जाते आणि ग्लू गनच्या कांड्या तर गरमीनी वितळायलाच बनवलेल्या असतात. त्यात ग्लू पुढच्या भागात झिरपलं तर तो डाग कायमचा.

मागे झाकायला फेल्टचा (नमद्यासारखं जाडसर, न विणलेलं कापड) गोल, आतल्या रिंगपेक्षा किंचित लहान. पुठ्ठा नको, घालायचाच असेल तर फ्रेमिंगसाठी आम्ल नसलेला माउंट बोर्ड मिळतो तो. फेल्ट लावायच्या आधीच त्यावर उलटा टाका घालून नाव, साल आणि कोणासाठी केलं ते लिहा, नंतर रिंगवर बसून लिहिणं जमत नाही. मग फेल्टची कड आणि मागच्या वळलेल्या कापडाची घडी यांना हेम घातल्यासारखे टाके घालत जा, किंवा काजटाका, तो दिसतो पण छान. सुई पुढच्या कापडात जाऊ देऊ नका, प्रत्येक चार टाक्यांनी उलटून बघा.

मी हळदीकुंकवाच्या वाणासाठी 3 इंची रिंगा केल्या होत्या, तीळगुळाची वाटी आणि पतंग, एवढ्या लहान रिंगला फेल्ट नुसता धावदोऱ्यावर चार ठिकाणी टाचला तरी पुरतो.

टांगणं

रिंग गोल असते म्हणून एका खिळ्यावर हळूहळू फिरते, पंख्याच्या वाऱ्यानी तर नक्कीच. 6 इंचापर्यंत स्क्रूखालच्या फटीतून रिबन घालून एका खिळ्यावर चालतं. त्याच्या वर दोन खिळे, दोन इंचाच्या अंतरावर एका रेषेत, आणि रिंगची वरची कड मागून त्यावर टेकवायची, हलत नाही. सिमेंटच्या भिंतीला स्टीलचा खिळाच, साधा वाकतो. दोन्ही बाजूनी चिकटणारी टेप डिस्टेंपरवर लावू नका, रंगासकट निघते आणि रिंग खाली.

बऱ्याच रिंगा एकत्र लावायच्या असतील तर आधी लोकसत्ता की लोकमत जे घरी येत असेल त्याचे तेवढेच गोल कापा, भिंतीवर हलके चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या, येता जाता बघा. सगळ्यात मोठी डोळ्याच्या उंचीवर आणि मधोमध नाही, थोडी बाजूला, मग बाकीच्या तिच्याभोवती दोन-अडीच बोटांच्या अंतरानी. स्क्रू सगळ्यांचे एकतर वर किंवा सगळ्यांचे खाली.

जागा कुठली नको ते महत्त्वाचं. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, आपल्याकडचं संध्याकाळचं ऊन लाल आणि जांभळा पहिले खातं. कूलरच्या समोर अजिबात नको, काच नसते त्यामुळे ती सगळी ओल कापड पितं आणि जूनपर्यंत बारीक तपकिरी ठिपके येतात. स्वयंपाकघरात फोडणीचं तेल बसतं, त्यावर धूळ. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते ती पण नको, नाइलाज असेल तर रिंगच्या मागे खाली दोन फेल्टचे ठिपके लावा म्हणजे भिंत आणि कापड यात हवा राहते. महालक्ष्म्यांच्या मागे सजावटीला रिंगा लावत असाल तर समईपासून लांब, काजळी धुतली तरी पूर्ण जात नाही.

धूळ झटकायला मऊ कोरडा मेकअपचा ब्रश, आठवड्यातून एकदा, वरून खाली. ओलं फडकं नाही. वर्षातून दोनदा, मी पाडव्याला आणि दसऱ्याला, स्क्रू कसून घेते कारण उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि कापड ढिलं पडतं.

आधीच चिकटवलेलं असेल तर

ग्लू गनचं असेल तर पूर्ण रिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमधे अर्धा तास ठेवा, ग्लू कडक आणि ठिसूळ होतं, बाहेर काढून लगेच बोटांनी सोलत जा, गरम व्हायला लागलं की परत आत. फेविकॉलसारखं पांढरं असेल तर कोमट पाण्यात भिजवून मऊ होतं, पण रंग सुटतो का ते आधी ओला पांढरा कापूस लाल टाक्यांवर दाबून बघा.

आईची हंसांची जोडी मी अशीच काढली. लाल रंग सुटत नाही हे पाहिलं, परातीत कोमट पाणी, पाणी तीनदा बदललं, पुठ्ठा थर थर करून निघाला, शेवटचा थर बोटाच्या नखानी. तपकिरी कडा पूर्ण नाही गेल्या, पण त्या कडेपासून इंचभरच होत्या, त्यामुळे 10 ची रिंग घेतली आणि त्या सगळ्या मागे वळून गेल्या. मागच्या फेल्टवर आईनी स्वतः उलट्या टाक्यानी तिचं माहेरचं नाव घातलं, आणि खाली साल घालताना ते बरोबर किती होतं यावर मावशीला फोन लावला.